ताईंच्या प्लेटमधली तर्री

विज्ञानाला माझ्याइतकं दिल्लीकडच्या कुठल्याच पोहेवाल्यानं दिलं नसेल. दिलं ते काय, तर हर्नियाच्या ऑपरेशनात पोटातून निघालेली वाटीभर चरबी, जी नाहीतर कचऱ्यातच जायची. ती मागून घेतली होती सुजाताताईंनी. फरीदाबादला माझी गाडी लागते तिथे समोरच्याच लॅबमध्ये त्या शास्त्रज्ञ होत्या. महिना झाला... सकाळी त्यांची प्लेट भरून ठेवली होती, तर गेटवरचा गार्ड येऊन म्हणाला, "मॅडम नहीं आएँगी, भैया. हार्ट फेल हो गया." पोहे तसेच गार झाले, वरची लाल तेलकट तर्री थिजली.

ताई वर्ध्याच्या, मी भंडाऱ्याचा. मी चौथी नापास, त्या डॉक्टर, पण सुईवाल्या नव्हेत. पहिल्याच दिवशी मी गुडघ्याला गोळी मागितली, तर म्हणाल्या, मी फक्त चरबी बघते. मग बघा की, म्हणून मी पोट पुढं केलं. तेव्हा हसल्या. त्यांचं काम त्यांनी मला गाडीवरच समजावलं. अंगात काही पेशी अशा असतात म्हणे, ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नसतं. मग एक जीन मुकादमासारखा येतो, बाकीच्या जीन्सना कामाला लावतो, आणि पेशी तेल साठवायला लागते, चरबीची होते. दुसरे काही जीन त्याला अडवून धरतात. कोण कधी जिंकतं, तेच ताई इतकी वर्षं बघत होत्या. मी म्हटलं, माझ्याकडे मुकादम कायम ड्यूटीवर, अडवणारे सगळे सुट्टीवर. यावर मात्र त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊ, लोक जाड माणसाला आळशी म्हणून मोकळे होतात. आत काय चाललंय ते कुणाला दिसत नाही."

चरबी दिल्यापासून रोज खबर यायची. आज पेशी तळाला चिकटल्या, आज नुसत्याच लांबुडक्या पडून आहेत. मग एक दिवस लाल रंग टाकला, तेलाचे थेंब दिसले. "भाऊ, तुमच्या पेशींवर तर्री आली." मी गिऱ्हाइकांना सांगत सुटलो. पोहे संपले तरी ताई बाकावरून उठायच्या नाहीत, आणि मला गाढवाला वाटायचं, माझी तर्रीच तशी आहे...

परवा कळलं, लॅब दुसऱ्या कुणाला दिली, ताईंचं सगळं काढून टाकतायत. ताईंच्या मागं ना आई-बाप, ना लेकरू. त्यांनी हातानं वाढवलेलं जगात काही उरलं असेल तर ते माझ्या पेशींत, असं माझं डोकं. गाडी तशीच सोडून आत गेलो. त्यांची विद्यार्थिनी आहे, प्रज्ञा, लातूरची, तिच्यापुढं हात जोडले. टाकू नका त्या, पाहिजे तर मी घरी नेतो, बायकोला सांगून फ्रिजमधलं दही बाहेर काढतो. तिनं मला ताईंच्या स्टुलावर बसवलं आणि त्यांनी शेवटी रंगवलेली पेशींची प्लेट मायक्रोस्कोपखाली सरकवली. डोळा लावला. लाल लाल थेंब, दाटीवाटीनं, वर तरंगल्यासारखे... बिल्कुल तर्री. मला रडूच आलं. म्हटलं, बघ पोरी, ताई गेल्या, पण माझ्या पेशी कशा सांभाळून गेल्या.

प्रज्ञानं ओढणीनं डोळे पुसले.

"काका, या उंदराच्या आहेत. तुमच्या तर पहिल्याच आठवड्यात मेल्या. ताईंना सकाळी घरच्यासारखं बोलायला कुणी नव्हतं, म्हणून रोज खबर सांगत बसायच्या."