हिरामण सुतारानं पुढे ढकललेलं ताट

अंबरनाथच्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी एकेक तुकडा खायच्या, भाकरीचं ताट फिरवायचं काम माझ्याकडे होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी ते हिरामणपर्यंत आलं, की तो न बघताच शेजारच्याकडे ढकलायचा. सात वर्षं! मला त्याचा भारी वैताग यायचा.

त्याचं झालं असं. हिरामण उल्हासनगर कॅम्प एकमध्ये सुतारकाम करायचा, घर अंबरनाथलाच शिवमंदिराच्या बाजूला. चौऱ्याऐंशी साली बदलापूरला नदीत त्याचा बाप्तिस्मा झाला. ओल्या अंगानंच त्यानं सगळ्यांसमोर साक्ष दिली, "आजपासून माझा राग गेला!" सांगायची काय घाई होती? तिसऱ्याच दिवशी नळावर शेजारच्या नाथाची बादली लाथेनं उडवली. तेव्हापासून गड्याच्या डोक्यात बसलं, की आपला बाप्तिस्मा लागूच पडला नाही. असल्या तोंडात प्रभूची भाकर घालायची नाही.

एक्याण्णव साली अशाच एका पहिल्या रविवारी उपासनेआधी तो चिठ्ठी घेऊन पाळकांपुढे, म्हणजे आमच्या पास्टरांपुढे, उभा राहिला. "माझं नाव मंडळीतून काढा. आज सकाळी परत नाथावर ओरडलो. सात वर्षं झाली, मी होतो तसाच आहे. देवालापण कंटाळा आला असेल."

हा खरंच जाणार, अशी मला भीती वाटली.

त्याची बायको अंजनी बायकांच्या बाजूनं उठून आली. "पास्टर, ती चिठ्ठी घेऊ नका. ह्यांनी पुढचं सांगितलंच नाय. ओरडले, घरात आले आणि तसेच मागं फिरले. नाथाभाऊंना म्हणाले, माझं चुकलं. त्यांचा हंडा भरून दारात नेऊन ठेवला. हाच माणूस बाप्तिस्म्याआधी लग्नात मानपान झाला नाय म्हणून सख्ख्या भावाशी नऊ वर्षं बोलत नव्हता! त्या बादलीची माफी मागायला दिवाळी उजाडली. आज चहापण निवला नव्हता."

"पण ओरडलोच ना!"

"ओरडलात," पाळक म्हणाले. "उद्याही ओरडाल, आणि परत जाऊन माफी मागाल. तुम्ही पवित्र झालात म्हणून बाप्तिस्मा दिला नव्हता, हिरामण. प्रभूनं तुम्हाला आधी आपलं म्हटलं. घडवणं त्याचं चालूच आहे, मरेपर्यंत चालेल." चिठ्ठी त्यांनी वाचलीही नाही, त्याच्याच खिशात परत घातली.

मला हायसं वाटलं, आणि लाजही. सात वर्षं मी त्याच्यावर चिडण्यापलीकडे काय केलं होतं?

उपासनेत ताट त्याच्यापुढे धरलं. त्यानं तुकडा उचलला, तोंडात घातला आणि हुंदका देत हसला. मी पुढे जायला वळलो, तर ताटाची कड त्यानं घट्ट धरलेली. मागच्या रांगा खोळंबल्या होत्या. मी ओढलं नाही. त्यानं सोडेपर्यंत तिथंच उभा राहिलो.