एकवीस गिअर आणि एक डोळा

आमच्या सायकलीला एकवीस गिअर होते आणि गावाला रस्ता एकच.

सायकल पुण्याच्या मामानं दिलती, त्याच्या पोराला कंटाळा आला म्हणून. हँडलला दोन खटके आणि मागं एक वाकडा लोखंडी हात लोंबकळायचा, त्यातनं चेन नागमोडी होऊन जायची. दोन पावसाळे आमच्या काळ्या चिखलात काढल्यावर त्या खटक्यांचं आणि त्या हाताचं बोलणंच बंद झालं. खटका आज दाबला तर गिअर उद्या पडायचा. (तोबी आपल्याला पाहिजे तो न्हाई, त्याला वाटंल तो.) शेवटी सायकल भिंतीला टेकली आणि माय तिच्यावर गोधड्या वाळू घालायला लागली.

आता माझी धाकटी बहीण रुकी माजलगावला अकरावीत. गावापासून नऊ किलोमीटर. दिवाळीपर्यंत ती मैत्रिणीच्या स्कूटीवर जायची. दिवाळीत मैत्रिणीचं घर बीडला गेलं, आणि स्कूटी काय मागं राहणार हाय? एसटी म्हणावं तर आमच्या फाट्यावर ती मूड असला तरच थांबती. बापू जेवताना म्हणले, "सोमवारपर्यंत जायची सोय झाली तर ठीक. न्हाई तर सतरा नंबरचा फॉर्म भरू. घरी बसून परीक्षा दे."

रुकीनं ताटातली भाकर तेवढी बाजूला सरकवली. ते बघून माझ्या तोंडातनं निघून गेलं, "मी करतो की सायकल! सगळे गिअर काढून साधी, मागं एकाच दातेरी चक्राची करतो. दोनशे रुपयात."

"तुला येतं?" बापूंनी विचारलं.

इथं एक सांगायला पाहिजे. मला येत काहीच न्हाई, पण नक्कल सगळ्यांची येती. हेडमास्तरांचा खोकला, कंडक्टरची घंटी, सगळं. त्यात माझा हुकमी एक्का म्हणजे फाट्यावरचे सायकल मिस्त्री रज्जाकचाचा. ओठात नट धरायचा. पान्ह्यानं रिंगवर दोनदा टकटक करायचं. मग चाकाच्या मागं बसून, मान वाकडी करून, एक डोळा मिटायचा आणि घशातनं बोलायचं, "हिचा गळा धरलाय कुणीतरी. टेन्शन नै लेनेका. दोन घंट्यानं ये."

गेल्या गणपतीत स्टेजवर हीच नक्कल केलती. आख्खा मांडव हसून लोळला. पहिल्या रांगेत एकटे चाचा दगडासारखं तोंड करून बसलते. तेव्हापासून मी त्यांच्या दुकानाकडं फिरकलो न्हाई. सायकल चालू होती तवर पंक्चर झालं तर शेजारच्या गावाला ढकलत न्यायचो.

तर बापूंनी विचारलं, आणि मी उठून सायकलपुढं चाचा झालो. टकटक केली, डोळा मिटला, गळ्याचं निदान सांगितलं. बापू मायला म्हणले, "आवाज तर मिस्त्रीचाच हाय." घरातल्या सगळ्यांचा विश्वास बसला. लई वाईट म्हणजे माझाबी बसला.

शनिवारी कामाला लागलो. खटके काढले, लोंबकळता हात काढला. हँडलवरनं चार वायरी गेलत्या. गिअर काढायचे म्हणल्यावर वायरी कशाला ठेवायच्या? चारी कापल्या. मागं सात चक्रांची उतरंड होती, ती काढायला वेगळी चावी लागती म्हणं. मग ती तशीच ठेवली. चेन खिळ्याहातोड्यानं तोडून आखूड केली, मधल्या चक्रावर चढवली, परत खिळ्याहातोड्यानंच जोडली. सायकल उलटी करून पायडल फिरवलं तर चाक असं गरागरा फिरलं की मायनं हळदकुंकू वाहिलं.

रविवारी सकाळी बापू कडक इस्त्रीचे पांढरे कपडे घालून लिंबागणेशला दर्शनाला निघालते. म्हणले, "फाट्यापर्यंत मला सोड. पोरीला पाठवायच्या आधी मी बसून बघतो." आणि कॅरिअरवर बसले. बापूंचं वजन मी सांगत न्हाई, पण मागचा टायर बोलला.

वेशीपर्यंत सायकल लई शहाण्यासारखी चालली. मग चेन आपल्या मनानं शेजारच्या मोठ्या चक्रावर चढली. तिथं तिला बरं वाटलं असावं, म्हणून अजून एक पायरी चढली. आता मोठ्या चक्राला चेन पुरंना. पायडल दगडागत जड. मी उभं राहून जोर लावला, आणि नेमकं जिथं मी खिळा ठोकलता तिथंच चेन तुटली. नेमकं तिथंच पुढं वेशीचा उतार हाय.

मी ब्रेक दाबला. तो लोण्यात बोट जावं तसा आत गेला. तेव्हा मला कळलं, चारातल्या दोन वायरी गिअरच्या होत्या. बाकीच्या दोन कशाच्या होत्या हेबी तेव्हाच कळलं.

"बापू, ब्रेक न्हाई."

"कावून?"

"काढला."

"कावून काढला बे?"

बापू आयुष्यात पहिल्यांदा मला 'बे' म्हणले. उत्तर द्यायला वेळ न्हवता. उताराच्या बुडाला सर्जेराव काकांचं अंगण, अंगणात ताडपत्रीवर वेचलेल्या कापसाचा डोंगर, व्यापाऱ्याच्या टेम्पोची वाट बघत बसलेला. मी वरच्या वर अडकलो. बापू मात्र कंबरेपर्यंत आत गेले, पाय तेवढे बाहेर. सर्जेराव काका पळत आले आणि आधी कापूस बघितला, मग बापू. दोन पाय आम्ही ओढले तेव्हा जो माणूस बाहेर आला त्याला मिशी, भुवया, कान, सगळं पांढरं फुटलं होतं. मला लागलं काहीच न्हाई. आमच्या सायकलीचं काळं वंगण तेवढं काकांच्या कापसाला लागलं.

दुपारपर्यंत आख्खं घर काकांच्या अंगणात बसून काळा कापूस निवडत होतं. बापू एकच वाक्य बोलले, "उद्या फॉर्म आणतो."

रुकी माझ्या शेजारी बसलती. वर न बघता हळूच म्हणली, "दादा, चाचांकडं जा की. एकदा लाज गीळ माझ्यासाठी."

गेलो. चाचांनी सायकल बघितली, चाकात गुंतलेला कापूस बघितला, माझ्याकडं बघितलं.

"हे काम कुणी केलं?"

"मीच."

"माझ्या आवाजात?"

मी मान खाली घातली. गणपतीतल्या नकलेबद्दल माफी मागायला लागलो, तुमी लई रागावलते ना चाचा, म्हणलं.

"रागावलो नै रे," चाचा म्हणले. "तुझा डोळा चुकला होता. तू उजवा मिटला. मी डावा मिटतो. घरी आमची बेगमबी हेच म्हणली." मग पान्हा माझ्या हातात देऊन विचारलं, "बरं, मी डोळा कावून मिटतो?"

"स्टाईल?"

चाचांनी माझी मानगूट धरून मला चाकाच्या मागं बसवलं. पुढचं चक्र आणि मागचं चक्र एका रेषेत पाहिजे, तिरकी चेन शेजाऱ्याच्या घरात शिरणारच. ती रेष बघायला एक डोळा मिटायचा असतो. दोन वर्षं मी तो डोळा फुकटच मिटत होतो!

मग त्यांनी स्वतः हात लावला न्हाई. सगळं माझ्याकडनं करून घेतलं. आधी ब्रेकच्या नव्या वायरी; त्या ओवता ओवता उतारावर काय झालं तेबी माझ्याकडनं वदवून घेतलं. मग ती वेगळी चावी लावून सात चक्रांची उतरंड काढली आणि दूधवाल्याच्या जुन्या सायकलीचं एकच चक्र बसवलं. वायसर टाकून रेष जुळवली, तुटलेली चेन नीट जोडून, मागचं चाक ओढून ताणली. चाचा स्टुलावर बसून चहा पीत होते आणि येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला माझ्या आवाजात ऐकवत होते, "बापू, ब्रेक न्हाई." (लई हुबेहूब. मला वाईट वाटलं.) दोनशेतच भागलं सगळं.

सोमवारी बापूंनी ब्रेक दहा-बारा वेळा दाबून बघितला. रुकी निघाली. वेशीचा उतार ती ब्रेक दाबत, तोऱ्यात उतरली. कालव्याच्या पुलापलीकडं जाईपर्यंत बापू उभेच होते.

"चेन वाजती का रे?"

"न्हाई."

"मग ऱ्हाऊ दे तो फॉर्म," बापू म्हणले आणि रानाकडं गेले.

पुढं कॉलेजच्या गॅदरिंगला आमी सगळे गेलतो. चाचाबी आलते, त्यांची नात तिथंच शिकती. रुकी स्टेजवर आली आणि तिनं माझीच नक्कल केली. टकटक, वाकडी मान, एक डोळा बंद, "गळा धरलाय हिचा", आणि शेवटी कापसात उडी. बापू डोळ्यातनं पाणी येईपर्यंत हसले. मी मात्र दगडासारखं तोंड करून बसलो. पहिला नंबर घेऊन ती खाली आली तेव्हा तिचं तोंड उतरलं होतं.

"दादा, राग आला का?"

"राग न्हाई गं. डोळा चुकला तुझा. तू डावा मिटला. मी उजवा मिटतो."

शेजारी बसलेल्या चाचांनी कपाळावर हात मारून घेतला. "अजून उजवाच?"