साहेबाच्या कोटाची आंघोळ

समस्त पाहुणेरावळे, मानकरी, करवल्या आणि लोकरी कपड्यांचे मालक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते, की कढत पाण्यात बुडवल्याने लोकरीचा कोट शुद्ध होत नाही. आखूड होतो.

ही दवंडी मी फार उशिरा देते आहे. जिथे द्यायला हवी होती, तिथे माझ्या तोंडात थुंकीसुद्धा नव्हती.

दुष्काळाचं साल. केडगावच्या पुढे एका गावात मोठ्या बागायतदाराचा वाडा, दारात लग्नाचा मांडव. मी गोठ्याशेजारी उन्हात उभी. वय विशीच्या आत. ज्यांच्या दुकानात मी हातशिलाईचं काम करायचे, त्या टेलरमास्तरांबरोबर नगरहून आले होते. उद्याच्या नवरदेवाचा कोट अंगावर घालून बघायचा आणि कमीजास्त असेल ते तिथंच टाचून द्यायचं. एसटीतून उतरून रणरणत्या उन्हात चालत आलेली मी. पाणी मागितलं.

नवरदेवाची आजी ओसरीवर बसली होती. सगळे तिला थोरल्या बाई म्हणत. ती म्हणाली, "पानी कुठलं पोरी? मानसं तडफडाय लागलीत पान्यावाचून."

खरंच होतं ते. विहिरींना तळ लागला होता. पाणी बैलगाडीतून, पिंपानं यायचं. मी ओठ चाटले.

आता कोट. जरा सावरून बसा, कारण तसा कोट मी पुन्हा पाहिला नाही. नवरदेवाच्या आजोबांना एका गोऱ्या साहेबानं विलायतेला परत जाताना आपल्या अंगातला सूट बक्षीस दिला होता. ट्रंकेत कडुनिंबाचा पाला घालून जपलेला. आजोबा गेले, सूट राहिला. नातवानं तोच घालून बोहल्यावर चढायचं, असा घराचा हट्ट. पण साहेब पिंपाएवढा आणि नातू शेवग्याची शेंग!

मास्तरांनी दुकानात तो माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "उसव. पन हळू. झोपलेल्या लेकराच्या मुठीतनं दोरा काढतो ना, तसं."

मी उसवत गेले आणि बघतच राहिले. कापड आणि अस्तराच्या मध्ये घोड्याच्या केसांचं विणलेलं कापड, आणि ते वरच्या कापडाला धरून ठेवणारे तांदळाच्या कणीएवढे शेकडो टाके. बाहेरून एकही दिसत नव्हता. कॉलर इस्त्रीनं दाबून दुमडलेली नव्हती, टाक्यांनीच वळवलेली होती. कशीही टाका, आपली आपण वळायची. शिंगाची बटणं. बाहीची काजं खरी, उघडणारी. आणि शिवणीच्या आत राखलेलं बोटभर जास्तीचं कापड. साहेबाचं पोट पुढेमागे सुटलं तर असावं म्हणून कुणा परक्या माणसानं ते जपून ठेवलं होतं. त्याचं नाव कुठं नव्हतं. मनात आलं, ह्याला तरी साहेबानं खुर्ची दिली असेल का?

आम्ही कोटाच्या शिवणी आत घेतल्या, कापड कापलं नाही. त्या माणसाच्या टाक्यांशेजारी मी माझे टाके घातले. कुठले कुणाचे, मलाही ओळखता येईना. त्या आनंदात मला दोन दिवस जेवण गोड लागलं.

अस्तरावर काखेत साहेबाच्या घामाचा पिवळा डाग होता. इतकी वर्षं त्याला कुणी पाणी दाखवलं नव्हतं.

तर वाडा. कोट बघून सगळे खूश. थोरल्या बाईंनी शिवणीवरून बोट फिरवलं. "हे कुनी केलं?"

मास्तरांनी माझ्याकडं बोट दाखवलं. मी हरखले.

"कुनाची गं तू?"

"कॅम्पाजवळच्या वस्तीतली."

"कोन तुमी?"

येताना मास्तरांनी बजावलं होतं, दुकानातली बाई एवढंच सांग. मी म्हणाले, "बौद्ध."

"म्हंजी त्याच की!"

बोट शिवणीवरून असं सुटलं, जसं विंचवावरून सुटावं. मग काठी आली. कोट काठीवर उचलला. नवरदेवाच्या आंघोळीसाठी चुलीवर हंडा चढवला होता, पाणी उकळत होतं. त्यात कोट कोंबला.

मास्तर किंचाळले, "बाई! लोकर हाय ती! कढत पानी न्हाई सोसायचं तिला!"

"विटाळबी न्हाई सोसायचा आमाला."

प्यायला पाणी नव्हतं. कोटाला हंडाभर होतं.

गोऱ्याचा घाम चालला. माझा टाका नाही चालला.

मी हंड्यातून निघणारी वाफ बघत उभी राहिले. बाहेर काढून पिळला, तेव्हा माझी बोटं कुणी पिळतंय असं वाटलं.

दुपारच्या उन्हानं कोट वाळवला. नवरदेवानं घातला. बाह्या कोपराशी. छातीवर कापडाला फोड. बटण काजापर्यंत पोचेना. जत्रेतल्या माकडासारखा तो हात पसरून उभा. एक करवली हसली आणि तिच्या पाठीत बुक्की बसली.

मग माझ्या नावाचा पुकारा झाला. मला नाव आहे, हे तेव्हा त्या घराला आठवलं.

कोट चाचपला. आत राखलेलं कापड होतंच. सोडलं असतं तर वरातीपुरती अब्रू झाकली असती. थोरल्या बाई स्वतः उठल्या. "ये गं बाय, वर ये. वसरीवर बस. हितं उजेड हाय." कुणीतरी तांब्या आणून समोर ठेवला. काठोकाठ भरलेला.

मास्तर कानाशी कुजबुजले, "कर पोरी. हे घर तुटलं तर दुकान बसंल माझं. मग तुला कसं ठिवू?"

दुकान सुटणार, हे मला दिसत होतं. सुटलंच. पुढं मी वस्तीतच मशीन मांडलं आणि एक नियम केला, तो आजवर मोडलेला नाही. ज्या घराला माझा टाका अंगावर हवा आणि मी दारात नको, त्या घराचं कापड मी घेत नाही. लग्न असो की मयत.

पण त्या दिवशी एवढं नीट सुचलं नव्हतं. पदराची सुई काढली होती, ती परत पदराला टोचली. भरलेल्या तांब्याकडं पाहिलं. घसा कोरडा ठाक. आणि सगळ्या मांडवाला ऐकू जाईल अशी ओरडले,

"कोट बाटलाय तुमच्या पान्यानं! मी न्हाई हात लावायची!"