मेश्राम मॅडमचा जपान

मेश्राम मॅडमच्या वर्गात एका शब्दाला बंदी होती. 'चमत्कार'. उशीर चालायचा, डबा खाणंही एखाद्या वेळी चालून जायचं, पण "जपानचा चमत्कार" असं कोणी म्हटलं की मॅडम हातातला खडू टेबलावर ठेवत आणि विचारत, "कोन्या बाबानं केला गा?" वर्ग हसायचा. मॅडम मात्र उत्तराची वाट पाहत उभ्या राहत, अगदी गंभीरपणे, आणि बोलणाऱ्याला त्या शब्दाऐवजी दुसरं काहीतरी शोधून सांगावंच लागे.

मला हा नियम नोकरीच्या मुलाखतीतच कळला. नागपूरच्या सदर भागातल्या आमच्या कॉलेजात मी इतिहासाच्या अध्यापकाच्या जागेसाठी मुलाखतीला आलो तेव्हा उमरेडहून सकाळची एसटी पकडून, इस्त्रीचा शर्ट चुरगळू नये म्हणून अर्धा वेळ उभा राहून आलो होतो. समोर चार जण. टोकाच्या खुर्चीवर एक ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा लावलेल्या बाई, अंगावर सुती साडी आणि पायांत कॅनव्हासचे बूट. त्यांनी जपानवर प्रश्न विचारला आणि मी उत्साहात तो शब्द वापरला.

"कोन्या बाबानं केला?" त्या म्हणाल्या.

मी गोंधळलो. मग म्हणालो, "सरकारनं केला, मॅडम. बादशहाला पुढं करून तरुण सरदारांनी सत्ता घेतली, शाळा काढल्या, रेल्वे आणली, कारखाने काढले."

"बरं. सरकारले हात असते का? हात कोनाचे होते?"

"माहीत नाही, शोधावं लागेल," एवढंच मी म्हणालो. नोकरी मला त्या वाक्यामुळे मिळाली, असं त्या पुढं पुष्कळ वर्षं सांगत राहिल्या. "माहीत नाही म्हननारा मास्तर पहिल्यांदाच पाहिला बाप्पा!"

विशाखा मेश्राम हे त्यांचं पूर्ण नाव. जन्म उत्तर नागपुरातल्या एका वस्तीत. आई कापडाच्या मिलमध्ये, सूत गुंडाळण्याच्या खात्यात कामाला. मॅडमचा आवाज इतका मोठा होता की बाजूच्या वर्गात शिकवणाऱ्याला थांबावं लागे. मी एकदा त्याबद्दल थट्टा केली. त्या म्हणाल्या, "आमच्या घरी सारेच असे बोलत. मशीनपाशी उभी राहून राहून आईले ऐकू कमी येत होतं न. हळू बोललो तं जेवाले बोलावलं हेच तिले कळत नव्हतं."

ही आई छप्पन साली, तेरा-चौदा वर्षांची असताना, पांढरं लुगडं नेसून आपल्या आईबापांबरोबर बौद्ध धम्माच्या दीक्षेला गेली होती. त्यानंतर तिच्या मनात जपान नावाचा एक देश वसला. तो कुठं आहे हे तिला ठाऊक नव्हतं. पण तिकडं सगळे आपल्याच धर्माचे आहेत, तिकडं मोठाले कारखाने आहेत आणि तिकडं कोणी कोणाचा विटाळ मानत नाही, असं तिला कोणीतरी सांगितलं होतं. मुलीनं त्या देशाचा अभ्यास करावा हे आईचंच स्वप्न.

एम. ए.ला असताना ग्रंथालयात मॅडमच्या हाती एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आलं. त्यात त्यांनी वाचलं की जपानातही गावाबाहेरच्या वस्त्या होत्या. मेलेली जनावरं ओढणारे, कातडं कमावणारे, ज्यांच्या स्पर्शानं इतरांना विटाळ होई असे लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथं राहत होते. मॅडमनी पुस्तक मिटलं आणि चालत घरी गेल्या. वाटेत त्यांनी ठरवलं की आईला हे सांगायचं नाही. आणि घरात पाऊल टाकताच सांगून टाकलं.

"आई पोळ्या लाटून राहिली होती," मॅडम मला म्हणाल्या. "लाटनं थांबलं. मले वाटलं, आता रडते. मंग म्हने, 'मंग त्याइनं काय केलं?' मी म्हटलं, कोनी वं? म्हने, 'त्या वस्तीतल्या लोकाइनं. ते वाच. ते वाचून मले सांग.'"

मॅडमचं पुढचं सगळं आयुष्य म्हणजे या एका प्रश्नाच्या उत्तराचा पाठलाग होता. पन्नाशी उलटल्यावर, जपानातून परतलेल्या एका इंजिनिअरच्या घरी आठवड्यातून तीनदा जाऊन, त्या जपानी शिकल्या. इंजिनिअरची दहावीतली मुलगी त्यांच्या शेजारी बसून तीच अक्षरं गिरवायची. मुलगी पहिल्या परीक्षेत पास झाली, मॅडम नापास झाल्या. पेढे घेऊन त्या तिच्याकडे गेल्या आणि म्हणाल्या, "आता तू मले शिकव." पुढच्या वेळी पास झाल्या.

जपानवर त्यांचा राग नव्हता, हे सांगायला हवं. उलट त्या देशाबद्दल बोलताना त्यांचे डोळे चमकायचे. रेशमाच्या पहिल्या सरकारी गिरणीची गोष्ट त्या अशी सांगत, की मुलं घंटा झालेली विसरत. गिरणी उभी राहिली, फ्रान्सहून यंत्रं आली, शिकवायला परदेशी माणसं आली. पण कामाला मुलीच मिळेनात. गावोगाव अफवा पसरली होती की हे गोरे लोक रक्त पितात. प्रत्यक्षात ते लाल वाइन पीत होते! शेवटी गिरणीच्या प्रमुखानं आपली स्वतःची मुलगी सर्वांत आधी आत पाठवली. मग इतर आल्या. इथं मॅडम थांबत. "त्या पोरींनी काढलेल्या रेशमावर देशानं यंत्रं घेतली, जहाजं घेतली. पुढं दुसऱ्या गिरण्या निघाल्या, तिथं पोरींले कुलपात ठेवलं, खोकून खोकून मेल्या. देश मोठा झाला, हे खरं हाय. पोरी मेल्या, हेही खरं हाय. दोन्ही लिहा. एकच लिहिसान तं मी मार्क देनार नाही."

असं सगळं चाललेलं असताना आमच्या कॉलेजात जपानचे पाहुणे यायचं ठरलं.

तिथल्या एका विद्यापीठाचं शिष्टमंडळ होतं. आमची मुलं वर्षभरासाठी तिकडं जातील, त्यांची इकडं येतील, असा करार व्हायची शक्यता होती. प्राचार्य हरखून गेले होते. कॉलेजला रंग लागला, जिन्याचे तुटके कठडे बदलले. आणि स्वागताचं भाषण जपानीत कोण करणार? अर्थात मेश्राम मॅडम. विषयही ठरला : जपानी समाज आधुनिक कसा झाला.

कार्यक्रमाच्या आधी प्राचार्यांनी भाषणाचा मराठी मसुदा मागवून घेतला. मग मॅडमना बोलावलं. मीही बरोबर होतो.

"मॅडम, छान आहे," प्राचार्य म्हणाले. "तो गावाबाहेरच्या वस्त्यांचा परिच्छेद तेवढा काढा."

"काहून?"

"अहो, पाहुण्यांना घरी बोलवायचं आणि त्यांच्याच घरातलं काढायचं? बरं दिसतं का?"

"सर, मी त्याइच्या घरातलं नाही काढून राहिली. माह्या घरातलं सांगून राहिली."

प्राचार्य वाईट माणूस नव्हते. त्यांनी खुर्ची पुढं ओढली आणि समजावणीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, आपल्या मुलांचं भविष्य आहे यात. तुमच्याच वस्तीतली मुलं जातील तिकडं. एका परिच्छेदासाठी?"

हा घाव वर्मी लागला. मॅडमनी मसुदा उचलला. "विचार करते," म्हणून त्या उठल्या.

बाहेर आल्यावर आम्ही कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा घेतला. मी म्हणालो, "मॅडम, काढून टाका. पुढं कधी लेख लिहा त्यावर." खरं म्हणजे मलाही तो करार हवा होता, माझे दोन विद्यार्थी जाण्याजोगे होते.

त्यांनी चहा संपवला. "धकाते, मी दुसऱ्या कोनत्या विषयावर बोलाले तयार हाय. फुलांवर बोलते, चहावर बोलते. पन समाज आधुनिक कसा झाला हा विषय देसान आन ती वस्ती गाळा म्हनसान, तं मंग ते आधुनिक होनं नाही गा, रंग लावनं हाय. त्यानं पोरं तिकडं जातीन, पन काय पाहासाठी जातीन?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांना तसं सरळ सांगितलं : एक तर विषय बदला, नाहीतर वक्ता बदला, नाहीतर परिच्छेद राहील. पत्रिका छापून गेल्या होत्या आणि जपानी येणारं दुसरं कोणी नव्हतं. परिच्छेद राहिला.

त्या दिवशी त्या निळ्या काठाची पांढरी साडी नेसून आल्या होत्या. भाषण वीसेक मिनिटांचं. आम्हाला त्यातलं काहीच कळत नव्हतं; आम्ही पाहुण्यांच्या चेहऱ्यांकडे पाहत होतो. आधी ते खूश दिसले. एका ठिकाणी हसले. ती वाइनची गोष्ट असावी. मग एकदम सगळे चेहरे स्थिर झाले. कोणी हललं नाही. दुभाषा म्हणून आलेला तरुण स्वतःच्या बुटांकडे पाहू लागला. मॅडमचा आवाज तेवढाच खणखणीत होता. मराठी मसुद्यामुळे मला ठाऊक होतं, त्या सांगत होत्या की सरकारनं एका हुकमानं त्या वस्त्यांवरचा कलंक पुसला. पण नोंदणीच्या कागदांवर खूण राहिली, काही गावांनी चिडून वस्त्याच पेटवल्या. आणि पन्नासएक वर्षांनी त्याच वस्त्यांतल्या तरुणांनी एकत्र येऊन जाहीर केलं की आम्हाला दया नको, आम्हाला आमचा अभिमान आहे. शेवटी मॅडमनी सांगितलं की माझ्या आईनं मला विचारलं होतं, त्या लोकांनी काय केलं, आणि हे उत्तर ऐकून ती म्हणाली होती, "मंग ते आपलेच होय."

भाषण संपलं. टाळ्या वाजल्या, मोजून-मापून. प्रमुख पाहुण्यांनी कमरेत वाकून नमस्कार केला, जेवण झालं, फोटो झाले. कोणी रागावलं नाही, कोणी मॅडमचा हात धरून रडलंही नाही. पाहुणे गेले.

करार झाला नाही. भाषणामुळे झाला नाही, की त्यांच्याकडच्या दुसऱ्या काही कारणानं, हे आजवर कोणाला कळलेलं नाही. स्टाफरूमनं मात्र निकाल देऊन टाकला. मॅडम आत आल्या की बोलणी थांबत. माझ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकानं मला विचारलं, "सर, आमचा काय दोष होता?" मी त्याला मॅडमकडे पाठवलं. त्यांनी त्याला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "तुह्यं नुकसान झालं असंन तं ते माह्यामुळं झालं. मी ते नाकारत नाही. आता बस, भाषा शिकवते तुले." तो मुलगा दोन वर्षं शिकला. आज तो पुण्यात एका जपानी कंपनीत दुभाषा आहे. दुसरा मात्र मॅडमशी पुन्हा कधी बोलला नाही, आणि मॅडमनीही त्याला दोष दिला नाही.

पुढच्या वर्षी पुरेसे विद्यार्थी नाहीत म्हणून मॅडमचा जपानच्या इतिहासाचा पेपरच बंद झाला. त्यानंतर थोड्याच दिवसांत मॅडम निवृत्त झाल्या. निरोपसमारंभात शाल मिळाली. ती खांद्यावर घेऊनच त्या जरीपटका या सिंधी वस्तीच्या बाजारात गेल्या आणि ओळखीच्या लालवानी शेठच्या कापडदुकानावरची रिकामी खोली बघून आल्या.

"मैंने पूछा, मॅडम, ऊपर क्या खोलोगे, टेलरिंग?" लालवानी शेठ अजून सांगतात. "बोले, जपान! मैं बोला, खोलो."

दर रविवारी सकाळी तिथं वर्ग सुरू झाला. फी नाही, परीक्षा नाही, मराठीत शिकवणं. दोन शिलाईवाल्या, बँकेतला एक निवृत्त माणूस, एका खासगी दवाखान्यातली प्रतिभा नावाची नर्स, काही कॉलेजची मुलं, आणि दुकान उघडायच्या आधी स्वतः लालवानी शेठ. फाळणीत त्यांच्या वडिलांचं सिंधमधलं गाव सुटलं होतं; माणसं सगळं नव्यानं कसं उभं करतात, यात त्यांना भारी रस. मी उमरेडहून येत असे. मॅडमचा आवाज खाली बाजारात ऐकू जायचा आणि भाजीवाल्या वर पाहायच्या.

मग तोच आवाज बसला. आधी सर्दी वाटली. नंतर तपासण्या झाल्या आणि घशाचा कर्करोग निघाला. ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सक्त सांगितलं, बोलायचं नाही. महिनाभरानं मॅडम दुकानाचा जिना चढून आल्या. साडीला छोटा माईक लावलेला, आणि त्यातून खरखरीत, फाटक्या कापडासारखा आवाज. लालवानी शेठ म्हणाले, "मॅडम, आराम करो ना." त्या म्हणाल्या, "मशीनपाशी उभं राहूनही मानूस बोलतेच न, शेठ." वर्ग झाला. पुढं बोलणं अशक्य झालं तेव्हा त्या फळ्यावर लिहीत. लिहिणंही जड गेलं तेव्हा त्या खुर्चीवर बसून फळ्याकडे नुसतं बोट करत आणि आम्ही आपसात वाद घालत बसायचो. चुकीचं काही बोललं गेलं की मान हलायची.

उन्हाळा सुरू होताना त्या गेल्या. शुक्रवारी अंत्ययात्रा निघाली. रविवारी मी नेहमीच्या एसटीनं नागपूरला आलो ते मनाशी ठरवून, की सगळ्यांना भेटायचं, दोन मिनिटं शांत उभं राहायचं आणि वर्ग आता संपला असं सांगायचं. कोणीतरी सांगणं भाग होतं.

जिना चढता चढताच वरून बोलणं ऐकू आलं. सतरंज्या घातलेल्या होत्या. सगळे बसले होते. प्रतिभा फळ्यापाशी उभी होती, नर्सच्या पांढऱ्या कपड्यांतच. रात्रपाळी संपवून आली होती. फळ्यावर तिनं लिहिलं होतं, 'शेतकऱ्यांनी सरकारच्या नव्या शाळा का जाळल्या?' ती सांगत होती, की शाळेचा खर्च गावाच्याच माथी मारला होता आणि शेतात राबणारी पोरं सरकार शाळेसाठी उचलून नेत होतं. लालवानी शेठ तिला मधेच अडवून म्हणत होते, "लेकिन स्कूल जलाना गलत है, बेटा." शिलाईवाल्या बाई म्हणत होत्या, "काहून जाळल्या ते तं आधी ऐकून घ्या न, शेठ!"

मी दारात उभा होतो. काय सांगायला आलो होतो ते तोंडाशी आलं होतं.

प्रतिभानं माझ्याकडे पाहिलं, थोडी सरकून जागा दाखवली आणि म्हणाली, "बसा न, सर. सुरू झालं हाय."