खंडेनवमीचा शिरा

मुलगी जर्मनीत राहते, म्हणून आम्ही तिकडे गेलो. बागा, राजवाडे सोडून तिनं बापाला डोंगराच्या पोटात खोदलेला एक जुना कारखाना दाखवायला नेलं. बाप जन्मभर भिलाईच्या स्टील प्लांटमध्ये फिटर, त्यांना आवडेल असं तिला वाटलं. माझे गुडघे बोलायला लागले होते, पण मला विचारतो कोण?

आत ओल, गारठा आणि एक गंजलेली मशीन. यांनी सवयीनं तिला हात लावून कपाळाला लावला. ड्यूटीवर रोज करायचे तसंच. आम्हाला हिंडवणारी बाई थबकली. तिचं बोलणं मुलीनं मराठीत सांगितलं. युद्धात कैदी धरून आणले, त्यांच्याकडून हा बोगदा खोदून घेतला आणि मग शस्त्रंही त्यांच्याचकडून बनवून घेतली. माणसं इथंच झोपायची, इथंच मरायची. हे आपला हात पँटला पुसत राहिले. मला यांची दया आली आणि कंटाळाही.

भिलाईला, स्मृति नगरच्या घरी परतलो तर खंडेनवमी तोंडावर. आमच्याकडे त्या दिवशी यांची पाने-पेचकस ही अवजारं, स्कूटर, माझी शिलाई मशीन, सगळ्यांची पूजा यांच्याच हातची. यांनी सगळं धुतलं, मांडलं, झेंडू वाहिले आणि नुसते बसून राहिले. हा माणूस कधी देवळात गेला नाही. त्यांची भक्ती काय ती एवढीच. तीही गेली तर या माणसाचं करायचं काय, याची मला भीती वाटली.

"मले हात जोडता नाही येऊन राहिले," ते म्हणाले.

"माझ्या मशीनीनं कोणाचं काय वाकडं केलं? तिले तरी कुंकू लावा."

त्यांनी मशीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले कोणी विचारलं होतं का, गल्लीभराचे ब्लाउज शिवशील का म्हणून?"

मला रागच आला. "कुठं ते मेलेले लोक अन् कुठं मी! काहीच्या काही नका बोलू."

"ते समजते मले. पण विचारलं होतं का?"

लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी मशीन पुढ्यात ठेवली होती. मी शिवत गेले.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी कुंकवाची वाटी माझ्या हातात दिली. "मशीन तुझी. तूच ठरव."

मी वाटी खाली ठेवली. नैवेद्याचा शिरा पूजेआधीच ताटलीत घेतला आणि तिथंच, मशीनसमोर बसून, खाल्ला. किती वर्षांची दमलेली होते मी.