गल्लीतल्या डब्यांचा रिपोर्ट

किस्से साठायला आमच्या गल्लीत फार काही घडावं लागत नाही. नंदुरबारच्या कडेची घरांची एक रांग, दर दुसऱ्या घरातला पुरुष फौजेत, मागे आम्ही बायका, सासवा, पोरं. शिवाय हुकूम सोडायला रिटायर्ड सुभेदार काका. या वर्षीचे किस्से डबीचे.

*

कॉलेजातले एक सर प्रत्येक घरी मुठीएवढी डबी टांगून गेले. जमिनीतून, फरशीच्या भेगांतून रेडॉन नावाचा वायू वर येतो, बंद खोलीत साचतो, वर्षानुवर्षं श्वासात गेला तर फुप्फुसाचा कॅन्सर होऊ शकतो. तो घरात किती आहे ते ही डबी मोजणार, म्हणून तीन महिने तिला हात लावायचा नाही, खोली नेहमीसारखी ठेवायची.

माझी मुक्ता अडीच वर्षांची. त्याच फरशीवर गादी टाकून झोपते. मी बी.एस्सी. झालेली बाई, पण पहिल्याच दिवशी डबीला कान लावून बघितला.

*

सासूबाईंनी विचारलं, "वास नही, रंग नही, दिखस बी नही. मंग तुले कसं समजनं?"

"पुस्तकात वाचलं, आई."

"पुस्तक लिखनारले दिखना व्हई," म्हणाल्या, आणि डास येतात म्हणून रोजच्यासारखी खिडकी लावून घेतली.

*

रविवारी सुभेदार काका घरोघर फिरले. "खिडक्या उघडा, पंखे लावा, डबी रोज पुसा. गल्लीचा रिपोर्ट ए-वन आला पाहिजे."

मी म्हटलं, "काका, सर म्हणाले नेहमीसारखं ठेवा."

"बेटा, इन्स्पेक्शनला कधी कोणी नेहमीसारखं ठेवतं का?"

*

शेजारच्या वैशाली वहिनींनी तर डबी बाहेर ओट्यावर टांगली. "आत पाहुणे विचारतात, सीसीटीव्ही बसवला का म्हणून."

*

रिपोर्ट आले. सगळी गल्ली पास, मी एकटी नापास. माझ्याच घरी आकडा जास्त.

एकच जमीन, एकच ठेकेदार, एकाच मापाच्या खोल्या. हे मी सगळ्यांना सांगून पाहिलं. वैशाली वहिनी म्हणाल्या, "शिकेल बाईना घरमाच निंघनं, बघा." दुसऱ्या दिवसापासून त्यांची पोर आमच्याकडे खेळायला येईना. वर मला प्रेमानं म्हणाल्या, "मुक्ताला आमच्याकडे झोपवत जा. आमचा रिपोर्ट क्लीन शे."

थंडी पडली होती. त्यांच्या खिडक्या गच्च बंद होत्या.

कधी वाटतं, मीही उघडली असती खिडकी तर काय बिघडलं असतं? निदान झोप तरी लागली असती.

*

सर म्हणाले, भेगा बुजवा, हवा खेळती ठेवा, पुन्हा मोजू. मी गुडघ्यांवर बसून व्हाइट सिमेंट भरत होते, तेवढ्यात मुक्ताच्या पप्पांचा फोन आला.

पोस्टवरच्या माणसाला फोनवर वाईट काही सांगायचं नाही, हा आमच्याकडचा नियम. सासरे गेले तेव्हाही ह्यांना घरी पोहोचेपर्यंत "तब्येत जरा नरम आहे" एवढंच कळवलं होतं.

"आज व्हिडिओ नको, नेटवर्क नाही," हे म्हणाले. मला बरंच वाटलं. माझ्या चेहऱ्यावर सगळं लिहिलेलं असतं.

"रिपोर्ट आला?"

"आला ना. नॉर्मल."

"बघ, उगाच घाबरत होतीस."

"तुम्ही कसे आहात?"

"एकदम फिट."

तेवढ्यात मागून एका बाईचा आवाज आला, "बेड नंबर चार, फोन रखिए. ड्रेसिंग बदलना है."