मागं राहणारा हात

माझा मुलगा डीजे आहे. लग्नात गाणी लावणारा नव्हे, तसं म्हटलं की त्याला राग येतो. तो हिप-हॉपवाला. लॅपटॉपवर ठेका बांधतो आणि चिखली-भोसरीची पोरं त्यावर आपलं लिहिलेलं बोलत सुटतात. पस्तिशीचा झाला. दिवसा चाकणला कंपनीत क्वालिटीला असतो, शिफ्ट संपली की कानाला हेडफोन.

मी चौथी शिकलेला माणूस, पण गाण्यातलं मला कुणी शिकवायचं नाही. बावीस वर्षं गायन पार्टी चालवली. जयंतीला भोसरीपासून राजगुरुनगरपर्यंत स्टेजवर उभा राहिलो. गाणी मी बांधायचो, चाल मी लावायचो, पुढं मी असायचो. फुशारकी नाही, होतं ते सांगतो.

म्हणून मुलानं माझी जुनी कॅसेट मागितली तेव्हा वाटलं, आला एकदाचा वळणावर.

कॅसेट एकच उरलेली. तिच्यात माझं कामगारांवरचं गाणं, सात कडव्यांचं. मी बजावलं, "घ्यायचं तर पूर्ण घे. एक कडवं गाळायचं नाही."

"पप्पा, आमच्यात पूर्ण घेत नाहीत. एखादा तुकडा घ्यायचा, तोच फिरवत ठेवायचा."

"गाणं म्हणजे काय भेळ आहे, चिमूटभर उचलायला?"

"ऐका तर आधी."

आठ-दहा दिवस तो आत बसून होता. मी बाहेर खुर्चीत, डावा कान दाराकडं करून. उजवा कंपनीतल्या पॉवर प्रेसच्या आवाजानं कधीच खाल्लाय. आपला आवाज कधी येतोय याची वाट बघत होतो. रविवारी त्यानं स्पीकरवर लावलं. ढोलकी वाजली. मग माझा आवाज आला, "बस्स!" परत तीच ढोलकी. परत "बस्स!" तीन मिनिटं हेच, आणि वर एक पोरगा टपरी, ट्रॅफिक आणि काँट्रॅक्टची नोकरी असलं काय काय बोलत होता.

"आणि मी कुठंय ह्यात?"

"आहात की. बस्स म्हणताय ते तुम्हीच."

सात कडव्यांतलं एक अक्षर घेतलं नाही. दुसरं कडवं संपल्यावर मी दम घ्यायला थांबलो, तेवढ्यात ढोलकीवाल्यानं हात मोकळा करून घेतला आणि मी त्याला दटावलं, तेवढाच तुकडा. माणूस गातो ते ह्यांना नको, माणूस गप्प बसतो ते हवं. असली ह्यांची विद्या.

"हेच का घेतलं?" मी विचारलं.

"तिसरी थाप ऐका. जरा मागं पडते. मशीनवर हे होत नाही, मशीन सगळं जागच्या जागी टाकतं, म्हणून मेलेलं वाटतं. पप्पा, मी दिवसभर कंपनीत मायक्रॉन मोजतो. जरा इकडं-तिकडं झालं की पीस रिजेक्ट. घरी आल्यावर मला रिजेक्ट पीसच पाहिजे असतो."

तिसरी थाप! त्याच थापेवरून मी त्या माणसाला वर्षानुवर्षं बोललो. भर कार्यक्रमात डोळे वटारले. शेवटी एकदा राजगुरुनगरहून परत येताना टेम्पोत, सगळ्यांसमोर सांगितलं, "तुझा हात मागं राहतो. उद्यापासून येऊ नको." तो ढोलकी मांडीवर घेऊन बसून राहिला आणि भोसरीत उतरून गेला.

"वाजवलंय कोणी?" मुलानं विचारलं. "गाण्याखाली नाव लावायचंय."

ते नाव मला माझ्या नावाइतकं पाठ. मी म्हणालो, "आता कुठं आठवतंय. बदली माणूस होता कोणीतरी."

मुलानं मग माझंच नाव टाकलं. ढोलकी म्हणून. जागा रिकामी सोडता येत नाही म्हणे. गाणं मोबाइलवर फिरलं. विहाराच्या कट्ट्यावरची पोरं अडवायला लागली. "आबा, काय हात आहे राव तुमचा!" "आबा, एकदा वाजवून दाखवा ना!" मी ढोलकीला जन्मात हात लावलेला नाही. मान हलवायचो आणि पुढं जायचो. ज्या गाण्यासाठी नोकरीवर खाडे केले, त्याचं एक कडवं कुणी विचारलं नाही, आणि न वाजवलेल्या ढोलकीची वाहवा आठवडाभर खाल्ली. खोटं कशाला बोलू, बरी लागली.

मग मुलगा म्हणाला, "चिंचवडला कार्यक्रम आहे. लोक तुमचंच नाव घेतात, तुम्हीच ढोलकी घेऊन स्टेजवर बसायचं." मी गुडघ्यांचं कारण पुढं केलं, कानाचं केलं. तो हटेना. माझाच मुलगा तो. शेवटी जेवता जेवता ओरडलो, "मी नाही वाजवलं ते! आणि बदली माणूसही नव्हता!" आणि नाव सांगितलं.

त्यानं ताट बाजूला सारलं. "बदली माणूस म्हणाला होतात."

"म्हणालो होतो."

"पप्पा, आमच्या लायनीत दुसऱ्याचा तुकडा घेतलेला चालतो. कुणाचा घेतला ते लपवलं की माणूस संपला. तुम्ही मला चोर केलंत."

आजवर तो मला उलट बोलला नव्हता. मीही माफी मागितली नाही. मी मागत नसतो.

दुसऱ्या दिवशी त्यानं मला स्कूटरवर मागं बसवलं आणि चिखलीला नेलं. ढोलकीवाला तिथं मुलाकडं राहतो, तिसऱ्या मजल्यावर. दार त्यानंच उघडलं. उजव्या हाताची दोन बोटं अर्धी. पार्टीतून काढल्यावर वर्षाच्या आत प्रेसमध्ये गेली. मला तेव्हाच कळलं होतं. बघायला गेलो नव्हतो. एवढं लिहितोय तर हेही लिहितो.

"या साहेब," तो म्हणाला. "आज यायला तुम्ही मागं राहिलात म्हणायचं."

मुलानं त्याच्या कानाला हेडफोन लावला. त्यानं डोळे मिटले. डावा हात मांडीवर चालायला लागला, उजवा तसाच पडून राहिला. बराच वेळ ऐकलं.

"तिसरी मागं पडलीय."

"म्हणूनच घेतलं, काका."

"तुझ्या बापाला कधी चालली नाही ती." मग माझ्याकडं न बघता म्हणाला, "मुद्दाम टाकायचो. तुझा बाप गाताना पळत सुटायचा. कडवं संपायच्या आत पुढचं सुरू. कुणीतरी धरून ठेवायला नको? म्हणून मी..."

"मी कुठं पळायचो?" मी म्हणालो.

"हे बघ," तो मुलाला म्हणाला, "माझं बोलणं पूर्ण होऊ दिलं का?"

माझा मुलगा हसला. त्याच्या सूनबाई चहा घेऊन आल्या त्याही हसल्या. मी चहा पीत राहिलो. मला अजूनही वाटतं हात मागंच राहायचा. पण घरी आल्यावर कॅसेट लावून एकदा पूर्ण ऐकली, आणि परत लावली नाही.

गाणी इंटरनेटवर चढवणाऱ्यांना लेखी लागतं म्हणे, वाजवणारा कोण आणि त्याची परवानगी आहे का. चहा झाल्यावर मुलानं तिथंच कागद काढला होता. ढोलकीवाल्यानं स्वतःचं नाव, बापाचं नाव, आडनाव, गाव, सगळं सावकाश सांगितलं. अंगठा आणि करंगळीजवळच्या बोटात पेन धरून सही केली. खाली साक्षीदाराची ओळ रिकामी होती. हा हात त्याचाच, हे सांगणारं आता दुसरं कुणी उरलेलं नाही. पार्टीतले बाकीचे गेले.

मुलानं पेन माझ्याकडं केलं. मी सही केली. गाण्यावरचं माझं नाव त्याच दिवशी निघालं.

दाराशी चपला घालताना मी म्हणालो, "येतो."

तो म्हणाला, "जा."